अंगणाचं माप : पवनाकाठी कॉर्नहोल सुरू करताना

 मागे उभ्या असलेल्यांनी पुढे येऊन बसलं तरी चालेल. विषय खेळाचा आहे, परीक्षा घेणार नाही आहोत.

विषय असा आहे की, जुन्या खेळांची माहिती गोळा करत आम्ही या भागात फिरत असतो, हे इथं बऱ्याच जणांना ठाऊक आहे. कुणाच्या ओसरीवर बसायचं, चहा घ्यायचा आणि विचारायचं, "लहानपणी काय खेळत होता?" मध्यंतरी धरणाकाठी तंबूंचा व्यवसाय करणाऱ्या एका मुलानं उलट आम्हालाच विचारलं. त्याच्याकडे मुंबईचे पाहुणे येतात. त्यांच्यातल्या कुणी तरी सांगितलं होतं की अंगणात कॉर्नहोलची फळी ठेव, मजा येते. तो म्हणाला, "सर, तुम्ही खेळांचं बघता ना? मग हे सुरू कसं करायचं ते सांगा."

आम्हाला आधी हसू आलं. आम्ही सूरपारंब्या आणि आट्यापाट्या शोधत फिरणारी माणसं. पण नंतर वाटलं, प्रश्न चांगला आहे. एखादा खेळ "सुरू" होतो म्हणजे नेमकं काय होतं? तो एका अंगणातून दुसऱ्या अंगणात कसा जातो? आणि काही खेळ जातात, काही जात नाहीत, असं का? आजचं बोलणं याच प्रश्नावर आहे. शेवटी त्या मुलाच्या प्रश्नाचं सरळ उत्तरही देणार आहोत, त्यामुळे काळजी नसावी.

आधी खेळ काय आहे ते पाहू. दोन फळ्या असतात. प्रत्येक फळी चार फूट लांब आणि दोन फूट रुंद. ती जमिनीवर तिरकी ठेवायची. मागची कड एक फूट उंच, पुढची तीन-चार इंच. वरच्या बाजूला सहा इंच व्यासाचं गोल भोक, आणि त्या भोकाचा मध्य वरच्या कडेपासून नऊ इंचांवर. अशा दोन फळ्या समोरासमोर ठेवायच्या, दोघींच्या पुढच्या कडांमध्ये अंतर २७ फूट. मग कापडाच्या चौकोनी पिशव्या खालून हात नेऊन फेकायच्या. पिशवी सहा इंच बाय सहा इंच, वजन साधारण ४५० ग्रॅम. पिशवी भोकात गेली तर तीन गुण, फळीवर राहिली तर एक. जो आधी २१ करेल तो जिंकला. पूर्वी या पिशव्यांत मक्याचे वाळलेले दाणे भरत. मक्याला तिकडे कॉर्न म्हणतात आणि भोकाला होल, म्हणून कॉर्नहोल. नावात एवढंच आहे.

आता याचा इतिहास. कुठल्याही खेळाचा इतिहास विचारला की आधी दंतकथा समोर येते. कॉर्नहोलच्याही आहेत. कुणी म्हणतं, चौदाव्या शतकात जर्मनीतल्या एका सुताराला मुलं खड्ड्यात दगड टाकताना दिसली आणि त्यानं त्यांच्यासाठी फळी केली. कुणी म्हणतं, अमेरिकेतले मूळ रहिवासी हा खेळ खेळत होते. दोन्ही गोष्टींना कागदाचा आधार नाही. कागद सापडतो तो १८८३ सालचा. त्या वर्षी हेलिगर द विंट नावाच्या अमेरिकन माणसानं "पार्लर क्वॉइट्स" नावाच्या खेळाचं पेटंट घेतलं. क्वॉइट्स म्हणजे खुंटीवर कडी फेकण्याचा जुना खेळ. द विंटनं कडीच्या जागी पिशवी आणली आणि खुंटीच्या जागी तिरक्या फळीतलं भोक. त्याचं भोक चौकोनी होतं. पुढे त्यानं हक्क विकले आणि खेळणी बनवणाऱ्यांनी तो "फाबा बागा" नावानं बाजारात आणला. फाबा हे लॅटिनमध्ये वालाच्या जातीच्या एका कडधान्याचं नाव. म्हणजे मका येण्याआधी पिशवीत कडधान्य होतं.

त्यानंतर बराच काळ हा खेळ घरगुती राहिला. १९७४ साली "पॉप्युलर मेकॅनिक्स" या अमेरिकन मासिकात अशा फळ्या घरी कशा करायच्या यावर लेख आला. पुढे ओहायो राज्यात सिनसिनाटी शहराच्या पश्चिम भागात तो घरोघरी पोचला. २००५ साली अमेरिकन कॉर्नहोल ऑर्गनायझेशन निघाली, २०१५ साली अमेरिकन कॉर्नहोल लीग. आज त्याचे सामने टीव्हीवर दाखवतात.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. पेटंट, मासिकातला लेख, संघटनेची नियमावली. या तिन्ही टप्प्यांवर कुणी तरी माप कागदावर लिहिलं. चार फूट, दोन फूट, सहा इंच, सत्तावीस फूट. हे आकडे घेऊन कुणीही, कुठंही, सुताराकडे जाऊ शकतो. पवनानगरचा मुलगाही जाऊ शकतो. त्याला सिनसिनाटीला जायची गरज नाही.

आता कुणी म्हणेल, हा परदेशी खेळ, आपला काय संबंध? तर लांबून नेम धरून काही तरी भोकात किंवा भांड्यात टाकणं ही कुणा एका देशाची मिरास नाही. चीनमध्ये "तौहू" नावाचा खेळ होता. लांब मानेच्या सुरईत दुरून बाण टाकायचे. त्यांच्या प्राचीन आचारग्रंथात, म्हणजे "लीजी"मध्ये, या खेळावर स्वतंत्र प्रकरणच आहे. सुरई बसण्याच्या चटईपासून अडीच बाण लांब ठेवावी, असं माप त्यात दिलं आहे. आणि सुरईत बारीक कडधान्य भरावं, म्हणजे टाकलेला बाण उसळून बाहेर येणार नाही, असंही लिहिलं आहे. बघा, दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात भांडं, भांड्यात कडधान्य आणि अंतराचं माप, तिन्ही आहेत. रोममधली मुलं अरुंद तोंडाच्या मडक्यात आक्रोड टाकत.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे गल आहे! गोट्या खेळलेल्या माणसाला गल समजावून सांगावा लागत नाही. टाच जमिनीत रुतवून गिरकी घेतली की खळगा तयार. त्यावर थोडी माती सारखी केली की झालं. मग लांबून गोटी गलात घालायची. ज्याची पडली त्याचा डाव. गोट्या नसल्या तर चिंचोके, आंब्याच्या कोयी, काजूच्या बिया. हातात येईल ते. विटी-दांडूतही सुरुवात गलापासूनच. विटी गलावर आडवी ठेवायची आणि दांडूनं कोलायची. तिथं मोजणी काय असे? वकट, लेंड, मूंड, नाल… ज्येष्ठ मंडळी माना डोलवतायत. तेलुगूत एक-दोन-तीन-चारला ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. म्हणजे इथल्या पोरांनी अंगणात तेलुगू आकडे मोजले आणि त्यांना ते आपलेच वाटले. खेळ परदेशी की देशी, हा वाद पोरं कधीच घालत नाहीत. तो मोठी माणसं घालतात.

मग आपल्या खेळांची लेखी नोंद किती जुनी? आपल्या शेजारचंच उदाहरण घेऊ. तुकोबांच्या गाथेत खेळांवरचे अभंग आहेत. विटीदांडू, चेंडूफळी, हुतूतू, हमामा, टिपरी. तुकोबांचे अभंग लिहून घेणारे संताजी जगनाडे यांची समाधी सुदुंबरे इथं, आपल्याच मावळ तालुक्यात आहे. म्हणजे सतराव्या शतकात या मुलखात हे खेळ एवढे घरचे होते की परमार्थ सांगायला त्यांचा दाखला पुरत होता. पण गाथा ही खेळाची नियमावली नाही. तिथं खेळाचं नाव आहे, त्यातला भाव आहे. चेंडूफळी किती हातांवरून खेळत, फळी केवढी होती, हे त्यात शोधायचं नसतं. ऐकणाऱ्याला ते माहीतच होतं, मग सांगायचं कशाला?

"माहीतच आहे, मग सांगायचं कशाला" – आपल्या खेळांचं घोडं इथंच अडलं.

याला अपवाद झाला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला. खो-खोचे नियम १९१४ साली तिथं पहिल्यांदा पद्धतशीर लिहिले गेले, असं या खेळाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. हुतूतूचे नियम ठरवण्यात बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याचा वाटा मोठा. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानं हे काम पुढं नेलं. बडोद्यातूनच द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा "व्यायाम ज्ञानकोश" काढला. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. कबड्डी १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत गेली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला.

हे सगळं अभिमानाचं आहे. पण आम्ही त्याची दुसरी बाजूही बघतो. कोणते खेळ लिहिले गेले? ज्यात संघ करता येतो, शाळेच्या मैदानावर तीस-चाळीस पोरं एकदम गुंतवता येतात, शिट्टी वाजवून सामने लावता येतात, ते खेळ. खो-खो, हुतूतू, आट्यापाट्या. आणि मागे कोणते राहिले? दोघा-तिघांचे, अंगणातले, ओसरीवरचे. गल-गोट्या, सागरगोटे, कोयींचे खेळ. त्यातले कितीतरी मुलींचे. घरकाम उरकता उरकता, धाकट्या भावाला कडेवर घेऊन खेळायचे. त्यांच्यासाठी समिती बसली नाही. ज्ञानकोशात काहींची माहिती आली, पण माहिती येणं वेगळं आणि खेळाला मैदान मिळणं वेगळं.

लिहिण्यानं आणि मोजण्यानं काय होतं याचं एक उदाहरण तर लोणावळ्यातच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली तिथं कैवल्यधाम सुरू केलं. ते बडोद्याच्या माणिकरावांचे शिष्य, म्हणजे आखाड्यातल्या तालमीचे. त्यांनी काय केलं? जो योग गुरूनं शिष्याच्या कानात सांगायचा, तो प्रयोगशाळेत आणला. आसन करताना, श्वास रोखताना शरीरात काय होतं ते यंत्रांनी मोजलं आणि "योगमीमांसा" या नियतकालिकात छापलं. त्यामुळे लोणावळ्यात न आलेल्या माणसालाही ते तपासता आलं, करून बघता आलं. मोजून लिहिलेली गोष्ट प्रवास करते. कॉर्नहोल पवनेला आला त्याचं कारण तेच.

आता आपल्या गावाकडे येऊ. आम्ही गलाच्या खेळाची माहिती गोळा करायला लागलो तेव्हा ठरवलं, की या वेळी माप लिहायचंच. गल किती खोल, किती लांबून गोटी टाकायची. टेप घेऊन गेलो. पहिल्या आजोबांनी सांगितलं, "पाच पावलं." दुसऱ्यांनी सांगितलं, "सात. पण पोरगं बारीक असलं तर चार." तिसऱ्या घरी एक आजी होत्या. धरणात गेलेल्या गावच्या. त्या जरा वेळ विचार करून म्हणाल्या, "वसरीच्या कडंपसून तुळशीपातुर."

आम्ही विचारलं, "आजी, ते किती फूट होईल?"

त्या म्हणाल्या, "आता कसं सांगू बाबा? वसरी बी पान्यात हाय आन तुळस बी पान्यात हाय. मोजशील कुठं?"

आम्ही टेप पिशवीत ठेवला. हे उत्तर ऐकल्यावर आमच्या लक्षात आलं की आम्ही इतकी वर्षं चुकीचा प्रश्न विचारत होतो. आपल्या खेळांना माप नव्हतं असं नाही. माप होतं. अंगण हेच माप होतं. ओसरी ते तुळस, गोठ्याची भिंत ते चिंच, उंबरा ते पायरी. प्रत्येक घराचं माप निराळं, पण त्या घरातल्या प्रत्येक पोराला ते तोंडपाठ. लिहून ठेवायची गरज नव्हती, कारण अंगण कुठं जाणार होतं?

पण अंगण गेलं. पवना धरण १९७२ च्या सुमारास पुरं झालं आणि तुंग-तिकोन्याच्या पायथ्याची गावं, शेतं, घरं पाण्याखाली गेली. जमिनीचा हिशोब झाला, निदान कागदावर झाला. त्याच्यासाठी धरणग्रस्तांनी किती वर्षं हेलपाटे घातले ते या सभेत वेगळं सांगायला नको, इथं समोरच ती घरं बसलेली आहेत. पण अंगणातल्या खेळाचा हिशोब कुठल्याही पंचनाम्यात नव्हता. घर मोजलं, झाडं मोजली, विहीर मोजली. ओसरी ते तुळस हे अंतर घराच्या मापात धरलं गेलं असेल, खेळाच्या मापात नाही. लोक दुसरीकडे गेले, नवी घरं उभी राहिली, पुढे अंगणात फरशी आली, सिमेंट आलं. सिमेंटमध्ये टाच रुतवून गल होत नाही.

आज याच पाण्याच्या काठावर अंगणं पुन्हा तयार झाली आहेत. हिरवळीची, तंबूंची, बंगल्यांची. ती एका रात्रीच्या भाड्यानं मिळतात. त्या अंगणात पाहुणे खेळणार आणि आपली पोरं फळ्या मांडणार, पिशव्या गोळा करणार. व्यवसाय म्हणून त्यात गैर काही नाही, त्यावर कितीतरी घरं चालतात. आम्हाला एवढंच वाटतं की फळी मांडणाऱ्या पोरानं ती फक्त पाहुण्यांसाठी मांडू नये.

तर आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. कॉर्नहोल सुरू कसा करायचा?

प्लायवूडचा आठ बाय चारचा एक अख्खा तक्ता घ्या. त्यातून चार बाय दोनच्या चार फळ्या निघतात, म्हणजे खेळाचे दोन संच. एक संच पाहुण्यांना, एक गावातल्या पोरांना. साधारण बारा मिलिमीटर जाडीचा घ्या, पातळ घेतला तर पिशवी आपटून उसळते. भोक आखायला सहा इंची ताटली उपडी ठेवून पेन्सिल फिरवा. कापल्यावर कडेला पॉलिश पेपर नीट मारा, नाहीतर पिशव्या फाटतात. खाली लाकडी चौकट, मागे दोन पाय.

पिशव्या आठ लागतात, चार एका रंगाच्या, चार दुसऱ्या. जुन्या जीनचं कापड उत्तम. शिवण दुहेरी घाला. आत मका भरला तर खेळ नावाला जागेल, पण आपल्याकडच्या पावसात मक्याला बुरशी येते आणि उंदीर तर येतातच. म्हणून आता बरेच जण प्लास्टिकचे दाणे भरतात. आमचं ऐकाल तर आधी वाळवलेले चिंचोके भरून बघा. तागडीवर प्रत्येक पिशवी सारखी भरली पाहिजे, ४५० ग्रॅमच्या आसपास. आठही सारख्या, हे महत्त्वाचं. वजन कमीजास्त झालं की हात बसत नाही.

अंतर २७ फूट. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फूट, त्याच्या निम्म्याहूनही कमी. लहान मुलांना २१ फूट पुरे. फळीच्या शेजारी उभं राहायचं, तिच्या पुढच्या कडेच्या पुढं पाय न्यायचा नाही. पिशवी सपाट धरून खालून फेकायची, थोडी फिरकी देऊन, म्हणजे ती हवेत लोळत नाही आणि फळीवर घसरत भोकाकडे जाते. दोघांनी आळीपाळीनं चार-चार पिशव्या टाकायच्या. मग गुणांची वजाबाकी. तुमची एक भोकात आणि एक फळीवर, म्हणजे चार. समोरच्याची एक भोकात, म्हणजे तीन. तुम्हाला एक गुण, त्याला शून्य. चौघं असाल तर प्रत्येक फळीपाशी दोन्ही बाजूंचा एक-एक गडी. म्हातारी माणसं, बायका, मुलं, सगळ्यांना एकत्र खेळता येतो. धावायचं नाही, पडायचं नाही. आजीनं नातवाला हरवावं असा खेळ आहे.

हे झालं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं असं. फळी मांडायला टेप काढालच. २७ फूट मोजून झाले की टेप लगेच गुंडाळू नका. घरातल्या आजोबांना, आजींना बाहेर बोलवा. त्यांना म्हणा, "तुम्ही गलाला किती लांबून टाकत होता? उभं राहून दाखवा." फूट विचारू नका, ते चुकेल, आम्ही चुकलोच आहोत. त्यांना उभं राहू द्या. शरीराला अंतर आठवतं. ते जिथं थांबतील तिथून गलापर्यंत मोजा आणि वहीत लिहा. कोण म्हणालं, कुठल्या गावचं, गल केवढा, गोटी की चिंचोका, डाव कसा फिरायचा, हरणाऱ्यानं काय द्यायचं. दहा घरांतून दहा मापं येतील. येऊ देत. द विंटचं भोक चौकोनी होतं, आजचं गोल आहे. खो-खोचे नियम कितीदा बदलले. लिहिलेलं बदलता येतं. न लिहिलेलं माणसाबरोबर जातं.

त्या आजींकडे आम्ही नंतर पुन्हा गेलो. या वेळी टेप बाहेर काढला नाही. त्यांना नातवाच्या अंगणात उभं केलं आणि म्हटलं, "समजा ही तुमची ओसरी. तुळस कुठं होती?" त्या काठी टेकत चालत गेल्या, एका जागी थांबल्या, मागे वळून पाहिलं, आणखी एक पाऊल पुढं टाकलं आणि म्हणाल्या, "हितं." मग आम्ही मोजलं. अकरा फूट आणि काही इंच. वहीत लिहून ठेवलं आहे. आमच्या वहीतलं ते पहिलं माप.

ज्याला हवी त्यानं वही बघायला यावं, आणि आपल्या घरचं माप त्यात लिहून जावं.  इथं थांबतो.